तापानंतरचा डाग आणि विषाणूची वंशावळ

पावसाचा जोर ओसरू लागला की राजापूर तालुक्याच्या किनाऱ्यावर तापाचे दिवस सुरू होतात. नाटे आणि त्याला लागून असलेलं साखरीनाटे ही बागायतीची आणि मासेमारीची गावं. होडी धक्क्याला घासू नये म्हणून लावलेले जुने टायर, पाण्याची प्लॅस्टिकची पिंपं, परसात टाकलेल्या करवंट्या, पोफळीखाली गळून पडलेल्या विऱ्या. यांतल्या कशातही आठवडाभर पाणी साचलं की एडिस डासाची नवी पिढी उडून जाते. ऑगस्टपासून मासेमारीचा हंगाम उघडतो, तेव्हा होड्यांवर नेपाळ आणि कर्नाटकातले खलाशी आलेले असतात. पाठोपाठ गणपतीला मुंबईहून चाकरमानी घरी येतात. माणसांबरोबर त्यांच्या रक्तातले विषाणूही प्रवास करतात, आणि डासाला तेवढं पुरतं.

डेंग्यू म्हटलं की लोक प्लेटलेट मोजतात, चिकुनगुन्या म्हटलं की सांधे धरतात. डोळ्याकडे लक्ष जातं ते फार उशिरा. ताप उतरलेला असतो, भूक लागायला लागलेली असते, आणि एखाद्याला वाटतं की समोरच्याच्या चेहऱ्याचा मधला भाग पुसल्यासारखा दिसतोय. वर्तमानपत्राच्या ओळीत मधलीच अक्षरं गायब आहेत. सरळ दोरी वाकडी दिसते. "अशक्तपणा आहे, भरेल हळूहळू," असं घरचे म्हणतात. बऱ्याचदा खरंच भरून येतं. पण काही जणांत हा अशक्तपणा नसतो. विषाणूच्या संसर्गाने डोळ्याच्या पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला, सूज आलेली असते. डेंग्यूत ही तक्रार साधारण तापाच्या सातव्या-आठव्या दिवशी, प्लेटलेट सर्वांत खाली गेलेल्या असतात त्या सुमारास सुरू होते. चिकुनगुन्यात ती ताप जाऊन काही आठवडे उलटल्यावरही येऊ शकते, त्यामुळे तिचा तापाशी असलेला संबंध कुणाच्या ध्यानातच येत नाही.

पडदा हा खरं तर मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. अंधारात पाहणाऱ्या सुमारे 12 कोटी दंडपेशी आणि रंग ओळखणाऱ्या 60 लाखांच्या आसपास शंकुपेशी त्यात असतात. त्यांच्या मागे रंजक पेशींचा एक पातळ थर आहे. प्रकाश टिपणाऱ्या पेशींना पोसण्याचं आणि त्यांचा कचरा उचलण्याचं काम तो थर करतो. हा थर आणि पडद्यातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर मिळून एक भिंत तयार होते. रक्तातल्या बहुतेक गोष्टी तिच्यामुळे पडद्यापर्यंत पोचत नाहीत. शरीराची प्रतिकारशक्तीही इथे मुद्दाम हात राखून वागते, कारण दुसरीकडे सहज सोसता येणारी सूज इथे दृष्टी घेऊन जाते. मग विषाणू ही भिंत ओलांडतो कसा? आणि नुकसान करतं कोण, विषाणू स्वतः की त्याच्यावर धावून गेलेली आपलीच प्रतिकारशक्ती?

या प्रश्नांची उत्तरं शोधणं अवघड आहे, याचं साधं कारण म्हणजे जिवंत माणसाच्या पडद्याचा तुकडा सहसा काढून तपासता येत नाही. यकृताचा काढता येतो, त्वचेचा काढता येतो. पडद्याच्या पेशी मात्र एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून डोळ्यांचे डॉक्टर अनेक दशकं पडद्याचं चित्र पाहून अंदाज बांधत आले. 1971 मध्ये जपानमध्ये उरायामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडदा झपाट्याने कुजवणाऱ्या एका आजाराचं वर्णन केलं. पण त्यामागे नागीण गटातले विषाणू आहेत याचा पुरावा, म्हणजे पडद्यातले विषाणूचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसणं, 1982 मध्ये हाती लागला, तोही काढून टाकाव्या लागलेल्या डोळ्यातून.

पीसीआर चाचणी आल्यावर चित्र पालटलं. बुबुळामागच्या पोकळीतलं थेंबभर पाणी बारीक सुईने काढलं, की त्यात कोणत्या विषाणूचा जनुकीय मजकूर आहे हे काही तासांत कळू लागलं. याचं महत्त्व उपचारात आहे. चिकुनगुन्याने सुजलेला पडदा आणि नागिणीच्या विषाणूने कुजू लागलेला पडदा सुरुवातीला एकमेकांसारखे दिसू शकतात. नागिणीच्या विषाणूवर ॲसायक्लोव्हिरसारखं औषध तातडीने द्यावं लागतं, एकेक दिवस मोलाचा असतो. चिकुनगुन्यावर असं विषाणूला मारणारं औषध नाही. एचआयव्ही झालेल्यांच्या पडद्यावर हल्ला करणाऱ्या सायटोमेगॅलोव्हायरसच्या बाबतीत तर आणखी पुढची पायरी गाठली गेली. त्या विषाणूच्या यूएल97 नावाच्या जनुकात ठराविक बदल सापडले तर गॅनसायक्लोव्हिर हे नेहमीचं औषध चालणार नाही, हे आधीच सांगता येतं.

पण पीसीआरला आधी संशय सांगावा लागतो. ज्या विषाणूचं नाव घेतलं तोच ती शोधते. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात थुई दोआन आणि जोसेफ डेरिसी यांच्या गटाने 2016 मध्ये वेगळी वाट प्रसिद्ध केली. डोळ्यातल्या पाण्यात जे जे जनुकीय साहित्य असेल ते सगळंच वाचून काढायचं, त्यातलं माणसाचं बाजूला करायचं, आणि उरलेलं कुणाचं आहे ते पाहायचं. त्यांच्या रुग्णांमध्ये एकाचे दोन्ही डोळे 16 वर्षं सुजत होते आणि कारण सापडत नव्हतं. त्याच्या डोळ्यात रुबेलाचा विषाणू निघाला. रुबेला म्हणजे आपल्याकडे लहानपणचा किरकोळ गोवर म्हणून सोडून दिला जाणारा आजार. त्या विषाणूच्या जनुकांत साचलेल्या बदलांची तऱ्हा सांगत होती की तो डोळ्यात फार दीर्घ काळ वाढत राहिला आहे. शरीराने केव्हाच हाकलून दिलेला विषाणू डोळ्याच्या आडोशाला टिकून राहू शकतो, हे यातून दिसलं. गरोदरपणातल्या रुबेलाने बाळाच्या डोळ्यांना इजा होते हे ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञाने 1941 मध्येच दाखवलं होतं. तो प्रौढाच्या डोळ्यातही असा ठाण मांडून बसतो, हे कळायला जनुकीय वाचनाची गरज पडली.

विषाणूच्या जनुकांतले बदल वाचून त्याचा इतिहास सांगता येतो, ही गोष्ट मराठी वाचकाला समजायला सोपी आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत 1919 पासून 1966 पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. देशभरातून हस्तलिखितं जमवली गेली आणि ओळीओळीचे पाठभेद टिपले गेले. एका लेखनिकाने केलेली चूक त्याच्या पोथीवरून उतरवलेल्या सगळ्या पोथ्यांत जाते. म्हणून समान चुका असलेल्या पोथ्या एका घराण्याच्या मानायच्या, आणि अशी घराणी जुळवत मूळ पाठाकडे जायचं. विषाणूही आपली नक्कल करताना चुका करतो. आरएनए असलेले डेंग्यू-चिकुनगुन्यासारखे विषाणू तर जास्तच करतात. डेंग्यूचा सगळा मजकूर सुमारे 10,700 अक्षरांचा, चिकुनगुन्याचा सुमारे 11,800 अक्षरांचा. त्यातल्या चुका जुळवल्या की वंशावळ उभी राहते.

हे काम पुण्यातच झालं. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, 1952 मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली आणि 1978 मध्ये तिला आजचं नाव मिळालं. तिच्या संग्रहात 1963 चा कोलकात्याचा चिकुनगुन्या विषाणू होता आणि सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या 1973 च्या साथीतलाही होता. त्यानंतर हा आजार देशातून जवळपास दिसेनासा झाला. 2005 च्या अखेरीस तो परतला आणि 2006 मध्ये देशभर सुमारे 14 लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. एनआयव्हीतल्या शास्त्रज्ञांनी नव्या विषाणूची अक्षरं जुन्यांशी ताडली, तेव्हा तो बार्शीच्या विषाणूचा वारस नाही असं निघालं. जुने विषाणू आशियाई घराण्यातले होते, नवा आफ्रिकी घराण्यातला. आणि त्याच आफ्रिकी घराण्याचा एक नमुना संस्थेच्या कपाटात आधीपासून होता. तो पुणे जिल्ह्यातल्या यवत इथे 2000 साली एडिस इजिप्ती डासांतून मिळवलेला होता. साथ भडकण्याआधी पाच वर्षं हा पाहुणा महाराष्ट्रात येऊन बसला होता. नमुने जपून ठेवण्याचं मोल किती असतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

याच 2006 च्या लाटेनंतर मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातून आणि बेंगळुरूच्या नारायण नेत्रालयातून चिकुनगुन्याने डोळ्याला काय होतं याची नीट वर्णनं प्रसिद्ध झाली. डोळ्याच्या पुढच्या भागाची सूज, पडद्याची सूज, दृष्टीच्या नसेची सूज. बेंगळुरूच्या पद्ममालिनी महेंद्रदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांना डोळ्यातल्या पाण्यात चिकुनगुन्याचा आरएनए सापडल्याचीही नोंद आहे. जुन्या साथींत डोळ्यांचं वर्णन इतकं ठळक नव्हतं. मग नव्या घराण्याच्या विषाणूला पडद्याची जास्त ओढ आहे का? की 2006 मध्ये पाहणारी साधनंच चांगली होती, म्हणून जास्त दिसलं? हा प्रश्न आजही खुला आहे आणि तो विचारण्यासारखा आहे. कारण एका अक्षराने किती फरक पडतो हे याच विषाणूने दाखवलं. रियुनियन बेटावर त्याच्या ई1 प्रथिनात 226 व्या जागी एका अमिनो आम्लाची अदलाबदल झाली आणि बागांत वाढणाऱ्या एडिस अल्बोपिक्टस डासातून तो फार सहज पसरू लागला. 2007 मध्ये तोच बदल केरळात दिसला. एवढ्याने डास बदलू शकतो, तर विषाणूची आवडती पेशीही बदलू शकेल, ही शंका वाजवी आहे.

डेंग्यूच्या बाबतीत या शंकेला एक ठोस आधार आहे. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. सिंगापूरमध्ये 2005 ची साथ मुख्यतः पहिल्या प्रकाराची होती आणि 2007 ची दुसऱ्या प्रकाराची. तिथल्या नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही साथींतल्या रुग्णांचे पडदे तपासले. पहिल्या साथीत तपासलेल्यांपैकी सुमारे 10 टक्के जणांच्या पडद्याच्या मध्यबिंदूला बाधा झालेली आढळली, दुसऱ्या साथीत एकालाही नाही. शहर तेच, डॉक्टर बव्हंशी तेच, वेगळा होता तो विषाणू.

इथे थांबून घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळायला अॅडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातलं 2017 चं काम उपयोगी आहे. जस्टिन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या पडद्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांना डेंग्यूच्या दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग केला. सिंगापुरात ज्याने एकही पडदा बिघडवला नव्हता, तोच हा प्रकार. तो रंजक पेशींतही वाढला आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही वाढला. रंजक पेशींत जास्त जोमाने वाढला आणि त्यांच्या थराची भिंत सैल झाली. अस्तराच्या पेशींनी पांढऱ्या पेशींना चिकटवून घेणारी प्रथिनं वाढवली. म्हणजे काचेच्या बशीत हा प्रकारही पडद्याला इजा करू शकतो. मग माणसात का केली नाही? रक्तात विषाणू किती चढला, आधी कोणता डेंग्यू होऊन गेला, प्रतिकारशक्तीने किती आदळआपट केली, यावर ते ठरत असावं. बशीतला प्रयोग काय घडू शकतं ते सांगतो, साथ काय घडलं ते सांगते. दोन्हींची सांगड घातल्याशिवाय मला तरी कोणत्याही एकावर विसंबवत नाही.

बशीतल्या प्रयोगात शास्त्रज्ञ जे वाचतात तोही जनुकीय मजकूरच, पण या वेळी पेशीचा. प्रत्येक पेशीत जनुकं सगळी असली तरी कामाला लागलेली थोडीच असतात. संसर्गाच्या आधी आणि नंतर कोणती जनुकं जागी झाली, कोणती झोपली, हे आरएनए मोजून कळतं. झिका विषाणूच्या बाबतीत याचा चांगला उपयोग झाला. ब्राझीलमध्ये 2015-16 च्या साथीत जन्मलेल्या काही बाळांच्या पडद्यावर मध्यभागी विरलेले डाग आढळले. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात अशोक कुमार यांच्या गटाने 2017 मध्ये दाखवलं की झिका पडद्याच्या भिंतीतल्याच दोन्ही प्रकारच्या पेशींत शिरतो. उंदरांच्या डोळ्यांत विषाणूविरोधी आणि सूज आणणारी अनेक जनुकं एकदम जागी झाली. त्यातलं आयएसजी15 नावाचं एक जनुक काढून टाकलेल्या उंदरांत पडद्याचं नुकसान जास्त झालं आणि विषाणूही जास्त वाढला. म्हणजे ते जनुक पडद्याचं राखणदार आहे. झिका आपल्यापासून दूर नाही. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला आणि 2024 मध्ये पुणे शहरात गरोदर स्त्रियांनाही तो झाला.

आता तिसरा मजकूर, माणसाचा. कोविडच्या सुरुवातीला, मे 2020 मध्ये, ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी 12 रुग्णांच्या पडद्यावर बदल दिसल्याचं लॅन्सेटमध्ये लिहिलं. लगेच आक्षेप आले. हे बदल म्हणजे नेहमीच्या रक्तवाहिन्या तर नव्हेत? मधुमेहाने, रक्तदाबानेही पडद्यावर पांढरे ठिपके येतात. आक्षेप रास्त होते. ज्याला मधुमेह आहे त्याला कोविड जास्त जोराने होतो आणि त्याचा पडदाही आधीच नाजूक असतो. मग पडदा बिघडवला कुणी?

या गुंत्यातून वाट काढण्यासाठी मेंडेलच्या नावाची एक पद्धत वापरतात. आईबापांकडून कोणती जनुकं यायची हे गर्भधारणेच्या क्षणी ठरतं, आणि नंतरची गरिबी, व्यसनं, मधुमेह ते बदलू शकत नाहीत. काही जनुकीय फरकांमुळे एखादा संसर्ग तीव्र होण्याची शक्यता वाढते. हे फरक घेऊन जन्मलेल्यांच्या पडद्याची जाडी, फरक नसलेल्यांच्या तुलनेत, वेगळी आहे का? असेल, तर संसर्गाचा पडद्याशी कार्यकारण संबंध असण्याला बळ मिळतं. यासाठी लाखो माणसांची माहिती लागते. ब्रिटनच्या यूके बायोबँकेत 2006 ते 2010 दरम्यान 40 ते 69 वयाचे पाच लाख लोक सहभागी झाले आणि त्यातल्या सुमारे 67,000 जणांच्या पडद्याचं ओसीटी यंत्राने चित्रण झालं. जगभरचे संशोधक तीच माहिती वापरतात. पद्धत हुशार आहे, पण तिला अटी आहेत. निवडलेल्या जनुकाने पडद्यावर दुसऱ्या कुठल्या वाटेने परिणाम करता कामा नये. ही अट पूर्ण झाली की नाही हे सिद्ध करणं कठीण असतं, आणि नुसतं संगणकावर गणित मांडून छापलेले निबंध हल्ली फार झाले आहेत.

दुसरी अडचण आपल्या जास्त जवळची आहे. त्या पाच लाखांतले बहुतांश युरोपीय वंशाचे आहेत. त्याने काय बिघडतं हे कोविडनेच दाखवलं. तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा कोविड तीव्र करतो असं युरोपात आढळलं. तो निअँडरथल मानवाकडून आलेला आहे, असं ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पाबो यांनी 2020 मध्ये दाखवलं. तो युरोपात सुमारे 16 टक्के लोकांत, तर दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांत आढळतो. म्हणजे आपली अवस्था भीषण व्हायला हवी होती. पण बनारस हिंदू विद्यापीठातल्या ज्ञानेश्वर चौबे यांच्या गटाने 2021 मध्ये दक्षिण आशियातली माहिती तपासली, तेव्हा या तुकड्याचा इथल्या तीव्र कोविडशी संबंध आढळला नाही. तिकडचा निष्कर्ष इकडे जसाच्या तसा लागू पडला नाही.

म्हणून जीनोम इंडिया प्रकल्पाची सुमारे 10,000 भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी 2025 मध्ये संशोधकांसाठी खुली झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र पडद्याची चित्रं सोबत असल्याशिवाय तिच्याकडून डोळ्याबद्दल काही कळणार नाही. आणि इथेच माझं म्हणणं आहे. तीन गोष्टी तीन ठिकाणी पडून आहेत. विषाणूचा मजकूर पुण्यात वाचला जातो, माणसाचा मोठ्या शहरांतल्या संस्थांत, आणि पडदा एखाद्या शहरातल्या नेत्रतज्ज्ञाच्या यंत्रावर. नाटे-साखरीनाटेतला रुग्ण राजापूरला किंवा रत्नागिरीला जातो, चाचणीवर डेंग्यू पॉझिटिव्ह येतो. तो कोणता डेंग्यू, हे नेहमीच्या जलद चाचणीत कळत नाही. महिन्याभराने तो नजरेची तक्रार घेऊन दुसऱ्याच डॉक्टरकडे जातो, तेव्हा तापाचे कागद त्याच्याजवळ नसतात. सिंगापूरच्या डॉक्टरांनी केलेली तुलना फार खर्चिक नव्हती. साथीच्या काळात काही रुग्णांच्या रक्ताचा नमुना प्रकार ओळखण्यासाठी पाठवायचा आणि त्याच रुग्णांचा पडदा आठव्या-दहाव्या दिवशी बघायचा, एवढंच त्यात होतं. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, एनआयव्ही एका दिवसाच्या प्रवासावर आहे. दरवर्षी येणाऱ्या तापाच्या हंगामात हे इथे करता येण्यासारखं आहे, आणि केलं पाहिजे.

तोवर घरच्या घरी करता येईल ते करा. डेंग्यू किंवा चिकुनगुन्या झाल्यावर दोन महिने अधूनमधून एक डोळा झाकून दुसऱ्याने कॅलेंडरवरच्या तारखा वाचून पाहा. मधलीच तारीख पुसट दिसली, सरळ रेघ वाकडी भासली, तर बाहुली मोठी करून पडदा तपासणाऱ्या डॉक्टरकडे लगेच जा आणि तापाचे कागद सोबत न्या. स्टेरॉइडची गोळी किंवा थेंब स्वतःच्या मनाने घेऊ नका, कारण मागे नागिणीचा विषाणू असेल तर त्याच औषधाने नजर जाऊ शकते. आणि "मागच्या महिन्यात ताप येऊन गेला" हे वाक्य डॉक्टरने विचारलं नाही तरी आपणहून सांगा.